साडेसात महिन्यांची मुलगी, वजन ६.४ किलो. काळजी करायची की नाही?

डिचोलीवाली

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबणार आहे. माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे मूळ घरी जमलो होतो, तिथे माझ्या जावेचा मुलगा, दोघांत फक्त अकरा दिवसांचं अंतर, तो ९ किलोचा, रांगत रांगत थेट गणपतीच्या वर फळं टांगलेल्या माटोळीखाली जाऊन बसला आणि माझी बाय आपली माझ्या मांडीवर. येणारा प्रत्येकजण आधी त्याला उचलणार आणि मग हिच्याकडे बघून "कितें गो, चेडूं बारीक कित्याक?" असं पाच दिवस चाललं होतं. शेवटच्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

घरी आल्यावर वजन केलं, ६.४ किलो. जन्माच्या वेळी २.६ होती. अजून रांगत नाही, बसवलं की थोडा वेळ बसते आणि मग बाजूला कलंडते. बाकी हसते, ओळखीचं माणूस दिसलं की दोन्ही हात पुढे करते, रात्री उठते पण ते सगळीच बाळं उठतात म्हणे. सासूबाई म्हणतात तुझं दूध पातळ झालंय, डब्याचं पावडरचं दूध सुरू कर. शेजारची काकू म्हणते दिश्ट लागली, ती पण काढून झाली. नवरा म्हणतो ते वजनाचे तक्ते फॉरेनच्या मुलांचे असतात, आपल्याला लागू होत नाहीत, तू उगाच मोबाईल बघत बसतेस.

मला खरंच कळत नाही, ६.४ हे कमी आहे का? डबा द्यायचा का? आणि रांगत नाही म्हणजे काही गडबड आहे का? ज्यांची मुलं या वयातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा.

म्हादईकाठ

अगं अजिबात टेन्शन घेऊ नकोस. माझा मुलगा पण असाच काटकुळा होता, आता चौथीत आहे आणि मैदानातून घरी यायला तयार नसतो. हसती खेळती आहे ना, मग झालं. लोकांचं तोंड कोण धरणार.

जुनी_सेविका

बाय, मी सत्तरी तालुक्यात अंगणवाडीत २७ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. वरच्या ताईंनी धीर दिला ते मनापासून दिलंय, पण मी असा नुसता धीर देणार नाही, आणि घाबरवणार पण नाही. एका वजनावरून काहीच सांगता येत नाही. ६.४ किलोची मुलगी एकदम ठणठणीत असू शकते आणि ८ किलोची पण घसरणीला लागलेली असू शकते. तुझ्याकडे ते माता-बाल संरक्षण कार्ड असेल, लसीला नेतेस ते. त्यात प्रत्येक लसीच्या वेळचं वजन लिहिलेलं असतं. ते सगळे आकडे तारखेसकट इथे लिही. आणि बाळ पूर्ण दिवसांचं होतं की आधी झालं, ते पण सांग.

तुझ्या नवऱ्याला एक गोष्ट सांग. ते तक्ते फॉरेनचे, हे आम्हीपण पूर्वी ऐकायचो. आता कार्डात जो तक्ता असतो तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेला, आणि त्यासाठी ज्या सहा देशांतली मुलं मोजली त्यात आपला देश पण होता, दक्षिण दिल्लीतली मुलं होती. बाकी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. सगळी आईच्या दुधावर वाढलेली, सिगरेट न ओढणाऱ्या आईची. पहिल्या पाच वर्षांत नीट पोसलेलं मूल कुठल्याही देशाचं असो, जवळपास सारखंच वाढतं, हेच त्यातून दिसलं. म्हणून तो तक्ता आपल्या मुलांचा पण आहे.

डिचोलीवाली

सेविका ताई खूप धन्यवाद, कार्ड शोधून काढलं. ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्म, नॉर्मल डिलिव्हरी.
जन्म २.६, सहाव्या आठवड्यात ३.८, दहाव्या आठवड्यात ४.५, चौदाव्या आठवड्यात ५.१, सहा महिने पूर्ण झाले तेव्हा ६.२, आणि आता साडेसात महिन्यांना ६.४.
कार्डात ठिपके कोणीच मारलेले नाहीत, नुसते आकडे लिहिलेत. मला तर वाटायचं ते पान फक्त डॉक्टरांसाठी आहे.

जुनी_सेविका

ते पान आईसाठीच आहे गो. मुलींचा तक्ता गुलाबी असतो, मुलांचा निळा, तो निळा चुकूनसुद्धा वापरू नकोस, कारण मुलगे मुळात थोडे जड असतात. वर्षाचा मुलगा मधोमधच्या रेषेवर ९.६ किलो, मुलगी ८.९. म्हणून जावेच्या मुलाशी तुलना तर मनातून काढूनच टाक, तो वेगळ्या पानावरचा आहे.

आता तुझे आकडे मी माझ्याकडच्या जुन्या तक्त्यावर मांडून बघितले. जन्माचं २.६ म्हणजे मुळातच लहान चणीचं बाळ, पण अडीच किलोच्या खाली नाही, म्हणजे कमी वजनाचं म्हणत नाहीत. तिथून सहा महिन्यांपर्यंत तिचा ठिपका हिरव्या, म्हणजे नीट वजनाच्या, पट्ट्यातच, खालच्या बाजूला, पण आपली रेष धरून सरळ वर गेलाय. पाच-साडेपाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं, ते ती झालीय. इथपर्यंत तुझ्या दुधाने तिला एकटीने वाढवलंय, तेव्हा दूध पातळ आहे हे कोणी म्हणालं तर हे कार्ड दाखव. आईचं दूध पातळच दिसतं, गाईच्या दुधासारखं दाट दिसायला ते गाईचं नाही.

पण सहा महिन्यांनंतरचा ठिपका मला आवडला नाही. दीड महिन्यात फक्त २०० ग्रॅम. या वयात साधारण महिन्याला ३०० ग्रॅमच्या आसपास वाढ धरतात. अजून ती हिरव्यातच आहे, पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्याच्या अगदी कडेला, पण रेष आडवी झालीय आणि आम्ही अंगणवाडीत रेष आडवी झाली की लगेच त्या घरी जायचो, पट्टा बदलायची वाट बघत नव्हतो. म्हणून विचारते, सहा महिने झाले तेव्हा घरात काय बदललं? वरचं अन्न काय सुरू केलं, कोण भरवतं, किती वेळा, आणि तू दिवसभर घरीच असतेस का?

जुळ्यांचा_बाबा_वास्को

सेविका ताईंशी शंभर टक्के सहमत, फक्त एक तपासून घ्या. ही दोन वजनं एकाच काट्यावर झालीत का? आमच्याकडे असाच घोळ झाला होता. एका ठिकाणी डायपर आणि स्वेटरसकट वजन केलं, पुढच्या वेळी दुसरीकडे उघडं करून, आणि पोर वाढलंच नाही म्हणून बायको रात्रभर जागी. भरलेला डायपर सहज दोनशे ग्रॅमचा असतो. काटा एकच, अंगावर काही नाही, शक्यतो दूध पाजायच्या आधी.

रांगण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. आमची जुळी ३३ आठवड्यांची, म्हणजे सात आठवडे आधी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यांचं वय नेहमी दोन प्रकारे मोजायचं आणि दोन वर्षांचे होईपर्यंत हे सात आठवडे वजा करत राहायचं. कॅलेंडरचे ९ महिने झाले तेव्हा हिशोबाचे सात आणि वर थोडे दिवस. हे समजायच्या आधी आम्ही पण प्रत्येक बारशाला जाऊन दुसऱ्यांची बाळं बघून रडवेले होऊन यायचो. तुमची पूर्ण दिवसांची आहे त्यामुळे तुम्हाला हा हिशोब नको, पण कोणी वाचत असेल ज्यांचं बाळ आधी झालंय तर त्यांच्यासाठी लिहिलं.

आता जागतिक आरोग्य संघटनेनेच काढलेले दुसरे आकडे बघा, मी तेव्हा लिहून फ्रिजवर चिकटवले होते. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. किती मोठी फट आहे बघा, सगळी निरोगी मुलं आहेत यात. आणि त्यांनी मोजलेल्या मुलांपैकी चारेक टक्के कधी हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, काही बुडावर सरकत गेली, काही थेट उभी राहिली. आमचा एक रांगला, एक बुडावर घसरायचा, आज दोघे जिन्यावरून सारखेच धावतात.

एकच विचारतो, तिला जमिनीवर किती वेळ ठेवता? पावसात फरशी ओली, थंड म्हणून आमची आई पोरांना खाली ठेवूच द्यायची नाही, एक मांडीवर एक पाळण्यात. मग मी जाड वाकळ आणि त्यावर चटई घालून दिवसातून चार-पाच वेळा पोटावर टाकायला लागलो, समोर स्टीलची वाटी ठेवायची, वाटीसाठी पोरगं काहीही करतं. वॉकर मात्र आणू नका. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली, पोरं जिन्यावरून पडतात म्हणून, आणि त्याने लवकर चालायला येतं हे पण खरं नाही.

डिचोलीवाली

दादा, काटे वेगळेच होते. सहा महिन्यांचं वजन आरोग्य केंद्रात केलं, कपडे होते की नाही आठवत नाही, आणि आताचं एका क्लिनिकमध्ये फक्त झबलं ठेवून. उद्या आरोग्य केंद्रातच परत करते.

ताई, तुम्ही विचारलंत आणि मलाच एकदम लक्षात आलं. माझी सहा महिन्यांची रजा संपली आणि मी परत पणजीला ऑफिसला जायला लागले, सकाळी साडेआठची बस, घरी यायला साडेसहा. म्हणजे आधी दिवसभरात सात-आठ वेळा घ्यायची ती आता सकाळी एकदा आणि मग संध्याकाळी, रात्री. मधल्या वेळात सासूबाई भरवतात, खूप मायेने भरवतात, दहा वाजता पेज, दुपारी वरणाचं पाणी, चार वाजता चहात बुडवलेलं बिस्किट कारण ती चहाच्या कपाकडे हात करते. पेज म्हणजे उकड्या तांदळाची वरची निवळ, शितं देत नाहीत, घशात अडकतील म्हणून. ती वाटी-वाटी पिते, म्हणून आम्हाला सगळ्यांना वाटायचं की छान जेवतेय.

मडगावची_सिस्टर

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, बारा वर्षं झाली. हे मी वॉर्डात इतक्या वेळा बघितलंय की वाचताना पोटात कालवलं. तुमच्या सासूबाईंची काहीच चूक नाही, त्यांनी स्वतःची मुलं अशीच वाढवली असतील, पण त्या काळी आई घरात होती, पेजेच्या जोडीला दिवसभर अंगावरचं दूध होतं. आता दूध निम्मं झालं आणि जागा भरली पाण्याने.

या वयाच्या बाळाचं पोट छोटं, त्याच्या मुठीपेक्षा फार मोठं नाही. एक वाटी निवळ प्यायली की पोट भरलं, आणि त्यात ताकद जवळजवळ नाही. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून हव्यात, नऊ महिन्यांनंतर ३००. त्या पाण्यातून येणार नाहीत. खूण सोपी आहे, चमचा तिरका केला तर अन्न घरंगळून पडता कामा नये, चमच्याला धरून राहिलं पाहिजे. शितं फेकू नका, तीच कुस्करा. पेजच द्यायची तर शितांसकट घट्ट, त्यात डाळ शिजवून आणि वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. नाचण्याची तिजान आपल्याकडे घरोघरी करतात, ती घट्ट करा, शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गूळ मात्र आता नको, वर्षापर्यंत साखर-मीठ पण नको आणि मध तर बिलकुल नको, मधातून लहान बाळांना बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. पूजेतलं मधाचं बोट सुद्धा नाही. गाईचं दूध मुख्य दूध म्हणून वर्ष झाल्यावर.

तुम्ही मासे-अंडी खात असाल तर वाट बघू नका. पूर्ण शिजवलेलं अंडं, पांढरं पिवळं दोन्ही, आणि मासा. आपल्याकडे मुडदुशी आजारी माणसाला आणि बाळंतिणीला देतात ती उगाच नाही, मऊ आणि हलकी. वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून काटा काढायचा, मग कुस्करून भातात. नवीन पदार्थ एकावेळी एकच, दोन-तीन दिवस बघायचं, मग दुसरा.

चहा मात्र आजपासून बंद करा. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात जो लोहाचा साठा असतो तो साधारण सहा महिने पुरतो, नंतर अन्नातूनच यायला हवं, आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही. लोह कमी असलं की भूक मरते, भूक मेली की अजून कमी खातं. तुमची रात्री चिडचिड करते का, डोळ्यांच्या आतली बाजू फिकट दिसते का बघा. एकदा डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन करून घ्या. या वयात ११ च्या खाली म्हणजे कमी. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली देतात, आरोग्य केंद्रात विचारा तुमच्या बायला मिळालंय का. व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, ते पण चालू आहेत का बघा, पावसाळ्यात चार महिने आपल्याकडे ऊन कुठे असतं.

डब्याचं विचारलंत. गरज नाही. सकाळी निघताना आणि आल्याआल्या पाजा, ऑफिसात दोनदा हाताने किंवा पंपाने काढा, थंड पिशवीतून आणा, फ्रिजात ठेवा, सासूबाईंनी ते दुसऱ्या दिवशी वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नको. रात्री उठते म्हणालात ना, ती दिवसाचं रात्री भरून काढतेय, पाजा तिला. सुट्टीच्या दिवशी तर मागेल तेवढ्या वेळा.

आणि कधी थांबायचं नाही ते पण सांगते. तीन महिने होऊनही बघून हसत नाही, पाच महिन्यांत मान सावरत नाही, आवाजाकडे वळत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरते आणि दुसरा मुठीत, नऊ महिने उलटून गेले तरी बसत नाही, किंवा आधी येत होतं ते आता करत नाही, यातलं काहीही दिसलं तर शेजारणीला विचारू नका, सरळ डॉक्टर. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, दोन्ही हात पुढे करते हे वाचून मला बरं वाटलं.

म्हादईकाठ

मी आधी टेन्शन घेऊ नको लिहिलं होतं, सॉरी, वजनं न विचारताच लिहिलं. माझ्या मुलाचं वजन दर महिन्याला वाढत होतं, कमी का होईना, हे आता आठवलं. फरक तिथे होता.

जुनी_सेविका

एक राहिलं. सासूबाईंना हे सांगताना "तुम्ही चुकलात" असं होऊ देऊ नकोस. मी घरी जायचे तेव्हा आजीलाच पुढे बसवायचे, तिच्याच हाताने चमचा तिरका करायला लावायचे. आजीला एकदा पटलं की ती आईपेक्षा नेमाने करते.

डिचोलीवाली

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

तुम्ही सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात त्याच काट्यावर, काही न घालता वजन केलं, ६.३८. म्हणजे काट्याची चूक नव्हती. डॉक्टरांनी लांबी ६६ सेंटीमीटर आणि डोकं ४२.५ मोजलं आणि म्हणाले हे दोन्ही व्यवस्थित चाललंय, फक्त वजन मागे पडलंय, म्हणजे अलीकडचा प्रश्न आहे, खाण्याचा. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. लोहाचे थेंब लिहून दिले, रोजचे, आणि महिनाभराने परत बोलावलं.

सासूबाईंना मी सिस्टरनी सांगितलेली चमच्याची गोष्ट करून दाखवली. निवळ घरंगळली आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं रागावल्या. संध्याकाळी घरी आले तर त्यांनी उकडा भात आणि मूगडाळ एकत्र घोटून ठेवली होती, वर तूप, आणि मलाच विचारलं, बघ गो, हे चमच्यावर राहतं का. आता मुडदुशी बाजारात आली की त्याच मासळीवालीकडून बायसाठी वेगळी दोन घेऊन ठेवतात. पहिले आठ-दहा दिवस बायने तोंड वळवलं, थुंकली, पाणी प्यायची सवय लागली होती ना, पण आम्ही जबरदस्ती केली नाही, तिच्यासमोर आम्ही पण जेवायला बसायला लागलो. आता दिवसातून तीनदा अर्धी-अर्धी वाटी खाते. ऑफिसात स्टोअररूममध्ये मला खुर्ची टाकून दिली आहे दूध काढायला, तिथल्या एका सिनियर मॅडमनी स्वतःहून दाराला कडी बसवून घेतली.

काल परत वजन केलं, ६.८५.

अजून रांगत नाही, पण वाकळीवर पोटावर गोल गोल फिरते आणि वाटी पकडते, आणि बसवलं की आता कलंडत नाही. दिवाळीला परत मूळ घरी जाणार आहोत, तिथे कोणी काही म्हणालं तर काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही, पण कार्ड पर्समध्ये ठेवलंय.

मडगावची_सिस्टर

पाच आठवड्यांत जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम! खूप छान. लोहाचे थेंब मध्येच बंद करू नका, हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत द्यायचे, साठा भरायला वेळ लागतो. शौचाला काळी होईल, घाबरू नका.

जुनी_सेविका

नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आता येईल, त्याच दिवशी व्हिटॅमिन एचा डोस पण असतो, आणि वजन होईल. या वेळी ठिपका तू स्वतः मार. आधीचे सगळे पण मारून रेष जोड, आणि सासूबाईंना शेजारी बसव.

डिचोलीवाली

आत्ताच मारले ताई, त्यांच्याच हाताने. रेष परत वर वळलीय.